दहा मीटर

दुपारचा दीड. शटर अर्धं ओढलेलं.
पास्कोल वाकून आत आला
आणि रुमालात बांधलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं.
मला वाटलं, बांगडे.
गाठ सोडली तर माउस,
काळा, पाठीवर अंगठ्याने झिजून चकचकीत झालेला एक डाग.

अख्खं असोळणा माझ्याशी कोंकणीत बोलतं.
हा मात्र मी वेंगुर्ल्याचा म्हणून
बोटीवरच्या रत्नागिरीकरांकडून उचललेलं मराठी काढतो.
"हा मयत झाला काय, बघ."

मी उलटा केला. पोटाखालचं बटण दाबलं.
लाल दिवा लुकलुकू लागला.
जीव आहे, म्हटलं, शोधतोय.
याचा एक रिसीव्हर असतो, नखाएवढा,
कॉम्प्युटरच्या बगलेत खुपसायचा.
तो कुठाय?

पास्कोलने दाराकडे पाहिलं,
म्हणजे पुलाकडे, म्हणजे साळ नदीपलीकडे,
म्हणजे स्विंडनला.
एल्रॉय मार्चमध्ये गेला, लॅपटॉप घेऊन.
त्यातच राहिला असणार.
घरी त्याचा जुना कॉम्प्युटर आहे, लाइटचं बिल भरायला,
त्यावरचा बाण तेव्हापासून एका जागी उभा.

दुसरा रिसीव्हर नाही का चालत?
नाही. वायरलेस असला तरी यांचं
कारखान्यातच लग्न लावून देतात.
"बिनतारी म्हण," तो म्हणाला. "किती लांबून ऐकू येतं?"
दहा मीटर.
"आणि मध्ये भिंत आली तर?"
एखादी चालते.

तो हसला. दात कमी झालेत.
चौऱ्याहत्तर साली तो तारवटी झाला, स्टुअर्ड,
बिनतारीच्या खोलीत कॉफी नेऊन द्यायचा.
साहेब कानाला लावून बसलेला,
एडन मागे पडलेलं, चारी बाजूंना पाणी,
कप ठेवायचा आवाज झाला तरी
वळून न बघता तळहात वर करायचा,
थांब,
कोणीतरी बोलतंय.
"आणि याला दहा मीटर," पास्कोल म्हणाला. "शी."

मी नवा दाखवला, साडेतीनशेचा, डब्यातला.
त्याने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"सेल तेवढा बदल. शोधू दे त्याला."

आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं.
झाकण सरकवलं. सेल निघेना, हिरवा गंज चढलेला,
स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उचकटला
तर शेजारच्या खाचेत,
त्याच्यासाठीच कोरलेल्या,
रिसीव्हर.

ही खाच कोणाला माहीत नसते.
माहीत असली तरी कोण ठेवतं?
मी इतके माउस उघडलेत, खाच रिकामी,
फार तर एखादी मुंगी.
टॅक्सी दारात, बॅगेचं वजन तिसऱ्यांदा होतंय,
आईने कोंबलेली चोरीसांची बाटली पुन्हा बाहेर काढलीय,
आणि तेवढ्यात पोराने लॅपटॉपमधून हे उपसून
जागच्या जागी बसवलं, झाकण लावलं.
सांगायचं राहिलं.
किंवा सांगितलंही असेल,
टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

मी हे पास्कोलला म्हटलं नाही.
तो खाचेकडे बघत होता, चष्मा कपाळावर.

माझ्याच मशीनला लावला. टुंग.
लुकलुकणं थांबलं.
पास्कोलने हात ठेवला, पण उलटा,
शेपूट नाही त्यामुळे तोंड कुठलं ते कळेना,
हात वर नेला की बाण खाली.
मी फिरवून दिला.
मग तो बाण नेत राहिला,
कुणाच्या तरी रहिवासी दाखल्याच्या अर्जावरून,
नाव, वडिलांचं नाव, सध्याचा पत्ता,
कुठेही क्लिक न करता,
कडेपर्यंत, आणि परत.

सेलचे वीस, मी म्हणालो.
बाहेरून कोणीतरी शटरवर हात मारला,
झेरॉक्स आहे का, झेरॉक्स?

पास्कोलने वळून न बघता
डावा तळहात वर केला.