दीड इंची पाइप

खारेगाव नाक्यावर कैवल्यने पिशवी हातात देताना बजावलं,
"काका, दिवसा हा मेल्यासारखा पडेल. आडवाच पडेल.
घाबरून फेकू नका. एकाने फेकला होता."

अर्धा तास पिशवी टाकीवर तरंगत ठेवली.
वाटीभर पाणी आत, वाटीभर बाहेर.
मग तो निसटला,
काळ्या शाईने ओढलेली एक रेघ,
आणि बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेल्या
दीड इंची पाइपात शिरला.
उलटा. आधी शेपूट.

इंदुमती म्हणाली, वाकटीची पोर दिसते.
विटाव्याच्या माहेरवाशिणीला मासा दाखवला
की तिला आधी कालवण सुचतं.
"एका माणसाचंसुद्धा होणार नाही,"
असं म्हणून ती भांडी लावायला गेली.

पहिल्या रात्री दाणे टाकले.
तळाला बसून फुगले, सकाळी नळीने ओढून काढले.
दुसऱ्या रात्री गोठवलेल्या अळ्यांची लाल वडी
(फ्रीजमध्ये ती आलं-लसणाच्या डब्याला टेकून होती,
त्यावरून घरात जे झालं ते इथे नको).
टाकीतला दिवा चालू राहिला होता.
सगळं टेट्रांनी फस्त केलं.
तिसऱ्या रात्री दिवा बंद केला, खिडकीला चादर लावली,
आणि काचेपाशी खुर्ची टाकून बसलो.
पाइपाच्या तोंडाशी फक्त एक नाक आलं. गेलं.

बत्तीस वर्षं कळव्याच्या सबस्टेशनात
माझी बहुतेक रात्रपाळी.
यार्डात डोळे मिटून उभा राहिलो तरी
गुणगुणीवरून सांगायचो, कुठला ट्रान्सफॉर्मर दमलाय.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
अडीचला जाग येते ती येतेच.
कैवल्य सांगत होता, हा अंगाभोवती बारीक वीज सोडतो,
तिच्यात कुठे खळगा पडला यावरून
दगड कुठला, अळी कुठली, ते ओळखतो.
डोळे नावापुरते.
मी काचेला बोट लावून पाहिलं.
काही लागलं नाही. मी चारशे केव्हीचा माणूस,
मला काय लागणार.

चौथ्या रात्री इंदुमती उठून आली.
"त्याला काय दगड खायला घालता?"
सकाळच्या बाजारातला ओला जवळा
तिने चिमूटभर बाजूला ठेवला होता, मला न सांगता.
अंधारात ती ओट्यापर्यंत गेली.
खुर्चीला लागली नाही, उंबऱ्याला अडखळली नाही.
पाच पाण्यांत जवळा धुतला, नळाची धार अगदी बारीक.
शेवटचं पाणी जिभेला लावून पाहिलं.
भुवयांच्या चिमट्यात एक धरला
आणि पाइपाच्या तोंडाशी सोडला.

तो आला.
अंग पट्टीसारखं ताठ,
पोटाखालची झालर मात्र वाहत होती, पोलक्याच्या काठासारखी.
जवळ्याच्या पुढे निघून गेला.
तसाच मागे आला, न वळता,
शेपटीच्या टोकाने काहीतरी चाचपलं.
मग जवळा नव्हता.

"अजून," मी म्हणालो.
"कुजबुजायचं काय कारण? तो काय झोपलाय?"
पण तीही कुजबुजतच होती.
मी मोजले, सहा.
ती मोजत नव्हती.

चिमटा पुसताना विचारलं,
"दिवा न लावता सगळं सापडतं कसं तुला?"
म्हणाली, "लावला की पोरं उठायची.
मग तुम्ही कुठे म्हणून रडायची.
हात घालायची सवय झाली."

मोटरचा आवाज तेवढा चालू होता.
मला म्हणायचं होतं काहीतरी.
मी म्हणालो, उद्या पाणी बदलायला हवं, पाव भाग.

सकाळी तो आडवा पडला होता, ठरल्याप्रमाणे.
कल्ले हलत होते, ते पाहिले.
नातवाने फोनवर मासा दाखवा म्हणून हट्ट धरला.
त्याला पाइप दाखवला.
"आत आहे," मी सांगितलं.
"हा तर पाइप आहे, आजोबा."
मागून इंदुमती ओरडली, "रात्री फोन कर!"