एकशे बारा पावलं

शेवटची मेट्रो गेली की सुकेशिनी गजभिये
खापरी स्टेशनच्या काचा पुसते.
काचेपलीकडे प्लॉट. तार, बाभळी, आणि पाटी:
ही जागा विकणे नाही.

दिवसभर गाडी येते, दार उघडतं,
सेहेचाळीस डिग्रीत थोडी थंड हवा सांडते,
कोणी चढत नाही. दार मिटतं.

तिचं घर हुडकेश्वरच्याही पलीकडे,
आर.एल. न मिळालेल्या लेआऊटमध्ये.
रात्री दोन ऑटो, मग मोबाईलची टॉर्च, मग कुत्री.
महिन्याचे अठराशे यातच जातात,
कुत्र्यांची बिस्किटं धरून.

एकदा तिनं मोजलं:
जिन्यापासून बाभळीपर्यंत
एकशे बारा पावलं.
बंगला कोण मागून रायलं, बाप्पा?
तिसरा मजला धरा. दोन खोल्या,
कूलर मावेल एवढी खिडकी.
शेजारी एखादी नर्स, एखादा आयटीआयचा पोरगा,
खाली तर्री-पोह्याची गाडी.
मग पाहा, दार उघडल्यावर
कोणी चढते का नाही!

ड्यूटी संपते. ती वळून बघते.
अंधारात एकही खिडकी नाही,
तरी तिनं तिथं दोरीवर
आपला निळा गणवेश वाळत घातलाय,
पहाटेच्या पहिल्या गाडीतून दिसेल असा.