किंमत बोलून घेऊ

फोटोत मशीनपेक्षा भिंतच जास्त दिसत होती.
खाली लिहिलेलं: पायाचं, चालू स्थितीत,
किंमत बोलून घेऊ.

तासगावात गेले तर भूपाल मगदूमांनी
आधी चहा ठेवला, मग पट्टा चढवून दाखवला.
"आवाज करतं," म्हणाले, "पण ते पहिल्यापासूनच."
बावीसशे सांगितले. मी अठराशे म्हटलं.
"बरं," म्हणाले, आणि वर
तेलाची कुपी दिली, अर्धी भरलेली.

टेम्पोतून सांगलीला आणलं. खण उघडला तर
तीन हुकं, शर्टाचं एक बटण,
आणि बॉबिनवर जांभळा दोरा,
कुणी मध्येच उठून गेल्यासारखा.
फोन केला. जरा वेळ काही बोलले नाहीत.
मग, "असू द्या."

पुराच्या साली शाळेच्या हॉलमध्ये
आमच्यासाठी ट्रकभर कपडे आले होते.
एक शेरवानी. एकाच पायातली चप्पल.
हुकं नसलेले ब्लाउज.
ओल्या अंगानं मी ढिगात हात घालून उभी,
शेवटी चार पिना लावून बाहेर आले.
ट्रकवरचं देणाऱ्याचं नाव मात्र
लांबूनही वाचता येत होतं.

आता खणभागातल्या संस्थेला
महिन्याला एक पिशवी जाते.
आधी खिसे तपासते, उसवलेलं शिवते,
इस्त्री फिरवते.
मुलगी म्हणते, द्यायचंच तर आहे ना, आई?
मी पाय मारत राहते.

मशीन आवाज करतं.
तीन हुकं लागली. बटणही लागलं.
जांभळा दोरा तेवढा तसाच आहे.
पांढरा मी दुसऱ्या बॉबिनवर भरते.