नाव घालणारा

देवळालीच्या कुठल्याशा बंगल्यातला तांब्याचा बंब
भांडीबाजारात मोडीत आला,
आणि त्याच्या नळीतून, तेलकट फडक्यासकट, हे.
हवालदार खैरनार म्हणाले, अण्णा,
तुमची नजर बारीक खुणांची. वाचा.

मी भांड्यांवर नावं घालतो. चाळीस वर्षं.
चि. सौ. कां.पासून कै.पर्यंत
सगळं एकाच पंचाने.

भिंग लावलं.
माथ्यावर तीन अक्षरं एकमेकांत अडकलेली,
लग्नपत्रिकेवर असतात तशी.
त्यापुढे सन, १९१७.
उजव्या अंगाला तीन मुकुट, तांदळाच्या कणीएवढे,
प्रत्येकाखाली वेगळं अक्षर :
तीन तपासनीस, तिघांचे तीन हात.
मधल्याचा घाव तिरका. घाईत असावा, किंवा उपाशी.
गरुडही होता. झिजून झिजून त्याची चिमणी झालीये.

खटका मागे ओढला की एक शब्द उघडा पडतो,
पुढे सारला की झाकतो.
मी अक्षरं सांगितली, खैरनारांनी मोबाईलवर घातली :
जर्मन. 'सुरक्षित'.
चहा आला.

आणि आकडे. पुरता नंबर एकदाच,
मग प्रत्येक बारक्या तुकड्यावर शेवटचे दोन :
६१, ६१, ६१.
हे मात्र मला लगेच कळलं. रुखवतातल्या वाट्याही अशाच,
शेजारी गेल्या तरी घर विसरू नयेत म्हणून.
फक्त चाप ३८. दुसऱ्या घरून आलेला.

मुठीची लाकडी फळी एका स्क्रूवर.
ती काढली.
लाकडाच्या आतल्या अंगाला ६१,
आणि खाली लोखंडावर, टिंबाटिंबांनी, आपल्या लिपीत :
परत करणे.

पंगतीच्या पातेल्यांवर घालतात तेच.
'र'ची शेपटी टेकण्याआधीच उचललेली,
शेवटचं टिंब खोल, जणू हात निघत नव्हता.
असा पंच या गावात एकच माणूस धरायचा.
तांबट आळीतून दुकान बंद करून
सरळ घरी यायचा, माझ्यासाठी शेंगदाणे घेऊन.
निदान आम्हाला तसंच वाटायचं.

कुणाला परत? कुणी नेलं होतं?

"आत काही आहे का?" खैरनारांनी पंचनामा पुढे सरकवला.
गंज, म्हणालो. गंजाचे ठिपके.
स्क्रू पिळला.

माझ्या नावात 'र' आहे.
सही करताना
त्याची शेपटी मी मुद्दाम टेकवली.