अवसेची भरती

चोडणचा बांध फुटला, फोटोसकट आलं
रात्री पावणेअकराला.
माझा अंगठा निघालाच होता पुढे पाठवायला.

रुझारकाकांनी फोन घेतला,
चष्मा कपाळावर सारून अगदी नाकाशी धरला,
मासळीचा कल्ला उचलून बघतात तसा:
"माती तांबडी. आपल्या खाजणातली काळी.
आणि आज अवस ना रे?
मग हा चंद्र कुणी टांगला?"

तरी म्हणाले, चल.

बॅटरी घेऊन बांधावरून मानशीपर्यंत गेलो.
भरती दाराला टेकून उभी. दार शाबूत.

परतताना त्यांनी वाकून
कुर्लीच्या बिळात चिखलाचा गोळा कोंबला,
टाचेनं दाबला.
तिथून पाणी झिरपत होतं, खरोखरच.

त्याचं कुणी
काहीच पाठवलं नव्हतं.