आखीव पत्रिका

निनावेच्या झेरॉक्स दुकानात
दोन रुपयाला एक मंडल मिळतं.
"मोठं करून देऊ का, काकू?" तो विचारतो.
आहे त्याच मापात दे, बाबा.
माप बदललं की मला रात्री झोप लागत नाही.

एकतीस वर्षं भूमापन कार्यालयात ट्रेसर होते मी.
सिव्हिल लाइन्समधली उंच छताची खोली,
मे महिन्यातही पंखा बंद, कागद उडतो म्हणून,
मनगटाखाली टीपकागद
घाम कुणाच्या शेतात उतरू नये म्हणून.
मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, नंदनवन,
शेतं होती तेव्हा मीच आखली
प्लॉट पडले तेव्हाही मीच.
काळी शाई. लाल फक्त
जिथं भांडण आहे तिथं.

एकदा धाकटा भोंगाडे नक्कल घेऊन आला.
अर्ध्या फुटासाठी सात वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता.
म्हणाला, बाई, रेघ बरोबर आहे तुमची,
पण ते सीताफळ आमच्या मायनं लावलं होतं,
रेघ त्याच्या पोटातून गेली.
मी चिन्हांचा तक्ता पाहिला.
झाडाचं चिन्ह होतं.
अर्ध्या झाडाचं नव्हतं.

आता दुपारी दोन ते चार,
शेहेचाळीस डिग्री, दारं लोटलेली,
कूलरला नवा वाळा,
आणि श्रावस्तीनं पुण्याहून पाठवलेले चोवीस स्केचपेन.
त्यातला नारिंगी मला पटत नाही.
असा एकसारखा संत्रा मी कळमन्यात कधी पाहिला नाही.
देठापाशी हिरवा राहतो, तोच गोड निघतो.
म्हणून आधी हिरवा, वरून नारिंगी,
पाकळी जरा मळकट होते.
होऊ दे.

"मधून सुरू करायचं असतं, आत्या," ती फोनवर सांगते,
"श्वासाकडे लक्ष दे. हे ध्यान आहे."
कायचं ध्यान, माय,
मी तं नळाची वाट पाहून राहिली. चारला येते.
आणि मधलं मला सांगू नकोस.
झिरो माइल मी रोज बसमधून पाहिला,
चार घोडे, एक खांब, भोवती वाहनांचा धूर.
मध्य म्हणजे कुणीतरी एकदा ठोकलेली खुंटी.
मी बाहेरून आत जाते.
आधी चतुःसीमा, मग बाकीचं.

आज अठराव्या पाकळीत निळा भरत होते
तर कूलर थुंकला.
एकच थेंब,
पडला तो नेमका हद्दीवर.
निळा हलला, रेघेपाशी थबकला
आणि मग सरळ पलीकडच्या पिवळ्यात शिरला.
हात आपोआप टीपकागदाकडे गेला.
टीपकागद आता कुठं मिळतो?
बसले बघत.
निळ्याला काठ फुटले, पिवळा आतून ओला झाला,
मधे एक हिरवा तयार झाला,
चोवीसांच्या डब्यात नसलेला,
पावसाआधीच्या फुटाळ्याच्या पाण्यासारखा, पण तसाही नाही.
एकोणिसाव्या पाकळीनं अर्ज केला नाही.
तारीख पडली नाही.
मी किती वेळ बघत होते
ते मोजायला कुणी साखळी धरून उभं नव्हतं.

मग पाण्याचा आवाज.
आधी वाटलं कूलरच.
नंतर फाटकापलीकडून खोब्रागडेंची हाक,
"अवं गजभिये बाई! नळ कवाचा आला!
ड्रम भरून पाणी आमच्या आंगणात येऊन राहिलं!"

हातात पेनाचं टोपण तसंच होतं.
साडेचार वाजून गेलेले.
"येऊ द्या," मी आतूनच ओरडले,
"तुमच्या जास्वंदीले होईल."