इतर (नमूद करा)

पुनर्वसनाचं गाव. रस्ते काटकोनात,
घरांना आकडे, दारादारात लिंब,
तीस वर्षांत जेमतेम सावली शिकलेले.
घर क्रमांक दोनशे सोळा.
पत्र्याच्या शेडात पांढरं काही उडतंय,
दारात उभं राहिलं तरी नाकात जातं.

मी खूण केली: उद्योजक, स्त्री.
मालनबी पिंजारी. वय अंदाजे पंचेचाळीस.
गाद्या, उशा, लेप.
नोंदणी नाही. कर्ज बचत गटाचं.
मशीन एक, सेलूहून जुनं आणलेलं,
सुरू झालं की बोलणं बंद.

"उद्योजक कोन? मी पिंजारीन हाय."
मी खूण तशीच ठेवली.

कामगार किती?
तीन. मशीनवर यासीन, चारशे.
टाके घालायला सुगलाबाई, निलाबाई,
दोनशे, दोनशे.
फरकाचं कारण सांगा:
कौशल्य. तास. जोखीम. इतर (नमूद करा).

मालनबीनं दातानं दोरा तोडला.
"कारन कसलं? बाईला दोनशेच देतेत.
मला बी लोकाच्यात दोनशेच भेटायचे."
सुगलाबाईनं मान वर केली नाही,
सुई गादीच्या पोटात घालून
तिकडून ओढून घेतली.
"लिही की, माय. इतर."

मग मालनबीनं विचारलं, "तुला किती भेटतेत?"
एका फॉर्मला नव्वद. पूर्ण भरला तर.
"आन् त्यो, फटफटीवाला?"
विश्वंभर बाहेर लिंबाखाली, फोनवर.
त्यालाही नव्वद.
आणि पेट्रोल.
"तू कशानं आलीस?"
काळी-पिवळीनं. उमरग्याहून.
"पदरच्या पैशानं?"
मी गप्प.
"कारन?"
स्क्रीन मधेच विझली होती,
तिच्यात माझंच तोंड, केसांवर कापूस.

प्रश्न एकतीस.
आपत्तीनंतर व्यवसाय किती दिवसांत पूर्ववत झाला?
"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली,
आणि मशीन बंद करायला सांगितलं.

ती तेव्हा चौदाची. आई पिंजायची, धनुकलीवर.
भूकंप झाला, वरून पाऊस लागला.
ढिगाऱ्यातून लोक गाद्या ओढून आणत,
ओल्या, मातीनं जड,
माणसाएवढ्या जड.
वाचलेल्यांना रात्री गारठा सोसेना.
आईनं उसवल्या, ताडपत्रीवर वाळवल्या,
पिंजून पुन्हा भरल्या.
पैसे कुणाकडं मागायचे?
एकीत चांदीचा करदोटा निघाला, बारक्या लेकराचा.
आई घरोघर विचारत फिरली.
घरं नव्हती, तरी घरोघर.
"कुनाचाच निघाला नाई.
हाय अजून. दाखवू?"
मी नको म्हणाले.
फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती, असंही नाही.
मलाच बघवणार नव्हतं.

तिसरा दिवस म्हणजे शून्य ते सात.
रकाना आपोआप हिरवा झाला.
तग धरण्याची क्षमता: उत्तम.

मला वाटलं, एक वाक्य आयतं हाती येतंय:
दबलेला कापूस, पिंजला की पुन्हा फुगतो.
अहवालाच्या पहिल्या पानावर शोभलं असतं.
मी बोलून दाखवलं.
मालनबी हसली, सुगलाबाईही.
"एकदा फुगतो. दोनदा फुगतो.
दर खेपंला तंतू तुटतो, माय, आखूड होतो.
तिसऱ्यांदा पिंजला की भुगा.
त्यो उशीत भरायचा, आन् गिऱ्हाइकाला सांगायचं नाई."

इतर (नमूद करा): चाळीस अक्षरं.
मी लिहिलं, वाक्य मावेना.
तिसऱ्यांदा काढलं, तंतू काढला,
उरलं: कापूस फुगत नाही.
पुण्यात कुणीतरी विचारेल,
हे उत्तर चुकून आलंय का?

निघताना मशीन पुन्हा सुरू झालं होतं.
मालनबी सुगलाबाईला काहीतरी सांगत होती,
बोटं मोजत; तीन की चार,
मला दिसलं नाही नीट.
शनिवारी पगार असतो त्यांच्यात.
विश्वंभर म्हणाला, चल, सोडतो नाक्यापर्यंत.
मी म्हटलं, पेट्रोलचं अर्धं दे,
आणि मागं बसले.
तो हसला.
मी हसले नाही.